साहेबांचा पगार कोण देतं?

नवरा गेला, ठेवीला नॉमिनी लावलेला नाही, की बँक बऱ्याचदा सांगते, "कोर्टातून वारस दाखला आणा." मग तिथं कुणीतरी कानात पुटपुटतं, "साहेबांचंही बघावं लागतं." आमच्या गटात हे इतक्या जणींनी ऐकलंय, की आज साहेबांच्या पगारावरच बोलायचं ठरवलं.

हा दाखला दिवाणी न्यायाधीश देतात. त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो आणि तो कलेक्टर किंवा जिल्हा परिषद ठरवत नाही. न्यायमूर्ती पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या वेतन आयोगानं शिफारस केली, सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2022 मध्ये ती मान्य केली आणि 1 जानेवारी 2016 पासून लागू धरली. कनिष्ठ स्तराच्या नव्या न्यायाधीशाचा मूळ पगार 27,700 वरून 77,840 रुपये झाला. भत्ते वेगळे.

"एवढा?" असं आमच्यातली एक जण म्हणालीच. बिडी वळणाऱ्या बाईला तो मोठा वाटणार. पण बिडीचंच बघा की. हजारावर मजुरी, म्हणून हात थांबत नाही. न्यायाधीशालाही दाखल्यामागे पैसे मिळाले असते, तर मोठ्या ठेवीची फाईल वर आणि आपली तळाला गेली असती. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात वारसाहक्काच्या न्यायाधीशांचा पगार 2010 पर्यंत लोकांनी भरलेल्या फीमधूनच निघायचा! जॉर्जिया राज्यात किमान पगार जिल्ह्याच्या लोकसंख्येवर ठरतो. आपल्याकडे करमाळ्याचा असो की पुण्याचा, एकाच पायरीवरच्या न्यायाधीशाची वेतनश्रेणी एकच. हे आम्हाला पटतं.

आपण भरतो ती कोर्ट फी शासनाकडे जमा होते. तेव्हा "साहेबांसाठी" म्हणून कुणी मागितलं, तर देऊ नका. पावती मागा, बघा काय उत्तर येतं ते.

वकिलाच्या फीची धास्तीही नको. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, सोलापूरला जिल्हा प्राधिकरण आहे. फोन नंबर 15100.

आणि एक. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असेल, तर आधी तलाठ्याकडे जा, त्यासाठी कोर्टाची पायरी लागत नाही. ठेवीसाठी जाताना मृत्यूचा दाखला, पासबुक आणि सगळ्या वारसांची आधार कार्डं पिशवीत ठेवा.