शहरांतील मुलांचा वाफा

बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांत तलवाडा म्हणून एक गांव आहे. त्वरितादेवीच्या देवळामुळें तें आसपास प्रसिद्ध आहे. अशा गांवांतल्या मुलास कोणी बाग करून द्यावी लागत नाहीं. शेताचा बांध, विहिरीचा कांठ, लिंबाची सावली हीं त्याचींच. पोळा आला कीं तो ओल्या मातीचे बैल करतो. पेरलेल्या रानांतून धावला तर शिवी खातो आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेथेंच दिसतो. म्हणून तेथील बालपण सुखाचें, असें मात्र कोणीं समजूं नये. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं दसऱ्यानंतर हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेंहि. दुष्काळ तेथें पाण्याचा आहे, जागेचा नाहीं.

हाच मुलगा वीस वर्षांचा होऊन स्पर्धा-परीक्षेच्या अभ्यासासाठीं पुण्यास येतो. सदाशिव पेठेंत त्यास एक खाट मिळते आणि अभ्यासिकेंत एक खुर्ची. शहरांत बागा आहेत. पण तेथील पाट्या वाचल्या म्हणजे त्या कोणासाठीं आहेत असा प्रश्न पडतो. हिरवळीवर बसूं नये, फुलें तोडूं नयेत, चेंडू खेळूं नये. लहानांस झोके आहेत, वृद्धांस बाकें आहेत. मधल्या वयाच्या मुलामुलींनीं काय करावें, हें कोणत्याहि पाटीवर लिहिलेलें नसतें. चार पोरें एकत्र उभीं राहिलीं कीं रखवालदाराचा संशय जागा होतो, आणि मुलगी एकटी वाचीत बसली तर येणारा-जाणारा वळून पाहतो.

या प्रश्नाचा विचार केलेला एक मोठा माणूस मुंबईनें पाहिला आहे. पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विद्वान १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यापूर्वीं एडिंबरोच्या जुन्या, दाट वस्तींत पडून असलेल्या मोकळ्या जागा त्यांच्या मंडळींनीं एकेक करून मोजल्या होत्या. सुमारें ७५ तुकडे निघाले. सर्वांचें मिळून क्षेत्र सुमारें दहा एकर. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं त्यांची कन्या नोरा हिनें वस्तींतल्या मुलांसाठीं बागा उभ्या केल्या. वेस्ट पोर्ट येथील १९१० सालची बाग अजूनहि आहे.

परंतु जागा मिळाली म्हणजे काम झालें, असें नाहीं. जर्मनींतील लायप्झिग शहराचा अनुभव याविषयीं मोठा बोलका आहे. १८६५ सालीं तेथें हाउशिल्ड या मुख्याध्यापकांच्या खटपटीनें मुलांसाठीं एक क्रीडांगण झालें. त्यास दिवंगत डॉ. श्रेबर यांचें नांव दिलें होतें. पुढें गेझेल नांवाच्या शिक्षकानें त्याच्या कडेला मुलांसाठीं वाफे आंखले. मुलांचा उत्साह लवकरच ओसरला आणि तण माजलें. तें आईबापांस पाहवेना. त्यांनीं खुरपीं हातीं घेतलीं, मग कुंपणें घातलीं, मग लहानशा झोपड्या बांधल्या. आज जर्मनींत अशा ‘श्रेबर-बागा’ लाखोंनीं आहेत आणि कुटुंबांस त्या फार प्रिय आहेत. मुलांचे वाफे तेवढे हरवले. आपल्या सोसायट्यांच्या आवारांत हेंच घडतें. पहिल्या रविवारीं मुलें, दुसऱ्या रविवारीं त्यांच्या आया, तिसऱ्या रविवारीं माळी.

कोपनहेगनमध्यें याच्या उलट झालें. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षांत आलें होतें कीं, नेटक्या क्रीडांगणापेक्षां बांधकामाच्या पडीक जागीं मुलें अधिक रमतात. १९४३ सालीं, शहर जर्मन फौजांच्या ताब्यांत असतां, एम्ड्रुप येथें त्याच्या कल्पनेवरून मुलांस फळ्या, विटा, हत्यारें आणि माती देण्यांत आली. बेर्टेलसेन नांवाचा एक तरुण देखरेखीस असे. काय करावें हें तो सांगत नसे, मागितलें तर साह्य करी. मुलांनीं झोपड्या बांधल्या, मोडल्या, पुन्हां बांधल्या. बाहेर परक्यांचा पहारा आणि आंत आपलें राज्य, अशी ती जागा होती. १९४६ सालीं ती पाहून गेलेल्या लेडी ॲलन यांनीं लंडनच्या बाँबनें उद्ध्वस्त झालेल्या जागांसाठीं तीच कल्पना उचलली.

मुंबईंत मोकळी जमीन कोठून आणावी, हा आक्षेप येणारच. धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या कांठीं ३७ एकरांवर एके काळीं शहराचा कचरा पडत असे. १९८३ सालीं तेथें झाडें लावण्यास आरंभ झाला आणि १९९४ सालीं महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांस खुलें झालें. शाळांच्या सहली तेथें जातात, मुलें झाडें ओळखतात; हें चांगलेंच आहे. पण पाहण्याची बाग निराळी आणि करण्याची बाग निराळी. करण्याच्या बागेस गच्चीहि पुरते. प्रयोग परिवाराचे श्रीपाद दाभोलकर यांनीं तें शिकविलें, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती भटारखान्याच्या गच्चीवर प्रीति पाटील यांनीं करून दाखविलें. स्वयंपाकघरांतला ओला कचरा, वाळलेला पाला आणि उसाचें चिपाड यांचीच माती होते. ती वजनानें हलकी, म्हणून स्लॅबवर भारहि बेताचाच.

मुलांच्या वाफ्यास मेथी उत्तम. तीन-चार दिवसांत ती उगवते आणि महिन्याभरांत जुडी हातीं येते; आंब्याची कोय लावून आठ वर्षें थांबावयास सांगणें हा त्या वयावर अन्याय आहे. निकालाची वाट पाहत वर्षें घालविणाऱ्या विद्यार्थ्यास तर एखादी गोष्ट महिन्याभरांत पुरी झालेली दिसणें हेंच मोठें औषध. वाफ्याशेजारची एक भिंत चित्रांसाठीं मोकळी सोडावी. जागा खिडक्यांतून दिसेल अशी असावी, म्हणजे मुलींस संध्याकाळीं निर्धास्त येतां येईल. मात्र खिडकींतून सूचना देण्याची मुभा कोणास नसावी.

खरी अडचण येते ती किल्लीची. सोसायटीच्या सभेंत कठड्याची उंची, गळती, पाण्याचें बिल हे प्रश्न निघतात आणि ते खोटे नसतात. कठडा उंच करतां येतो, गळती पावसाळ्यापूर्वीं तपासतां येते, पाणी मोजून देतां येतें. एवढें झाल्यावर किल्ली दोघां-तिघां मुलामुलींच्या नांवें लिहून द्यावी, आणि वाफा वाळला तरी निदान एक हंगाम ती परत मागूं नये.