सैनिकाच्या पेटीतील कागद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या भागातील एखाद्या सैनिकाच्या घरी आपण गेलात, तर माजघरात किंवा माळ्यावर एक काळी लोखंडी पेटी आपल्याला हमखास दिसेल. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, हुद्दा आणि नंबर लिहिलेला असतो. पेटीत वर ठेवणीतला गणवेश, त्याखाली पदके, एखादा गरम कोट, आणि अगदी तळाशी फडक्यात बांधलेले कागदांचे एक गाठोडे असते. पदके पाहुण्यांना दाखवली जातात. ते गाठोडे मात्र वर्षानुवर्षे कोणी सोडत नाही. आज मी आपल्याशी बोलणार आहे ते त्या गाठोड्याविषयी.

फौजेत माझे आयुष्य बंदुकीपेक्षा लेखणीच्या सहवासात अधिक गेले. मी कारकून होतो. जवानांच्या सुट्ट्या, बदल्या, विवाह, अपत्यांचे जन्म, हे सारे माझ्या हातून कागदावर चढत असे. त्या नोकरीत माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती सांगितल्यावाचून पुढचे काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

सुमारे २००० सालची गोष्ट. एक हवालदार सेवानिवृत्त व्हावयाचा होता. उंचावरील ठाण्यावर गस्त घालताना बर्फावरून घसरून त्याचा गुडघा दुखावला होता, आणि त्याची वैद्यकीय श्रेणीही त्यामुळे खाली आलेली होती. वैद्यकीय मंडळापुढे जाण्यापूर्वी त्याने मला विचारले, “दादा, हा रकाना आहे, दुखापत केव्हा, कोठे, कशी झाली. काय लिहू?” माझ्या टेबलावर ढीग साचला होता. मी म्हणालो, “त्याचा रिपोर्ट शोधत बसलात तर महिनाभर घर लांबेल. सोडा कोरा, सही करा.” त्याने सही केली. मंडळाने अपंगत्व ३० टक्के ठरवले. पण सेवेशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा पुढे नाही, असा शेरा मारला. हवालदार घरी गेला, आणि अपंगत्वाची पेन्शन त्याला मिळाली नाही.

श्रोतेहो, तो कोरा रकाना किती महाग पडला, हे समजण्यासाठी नियमांची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

सैनिकाच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. एक सेवेबद्दलचा, दुसरा अपंगत्वाबद्दलचा. दुसरा भाग मिळण्यास दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे वाढले, ही पहिली. आणि ते निदान २० टक्के आहे, ही दुसरी. शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याहून कमी अपंगत्वास त्या प्रमाणात, असा साधारण हिशेब असतो. प्रत्यक्ष लढाईत झालेल्या जखमेचा दर याहून पुष्कळ अधिक आहे.

यातही एक सवलत आहे. ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरावे, ५० ते ७५ टक्क्यांपर्यंतचे ७५ धरावे, आणि त्यावरील सर्व शंभर धरावे, असा नियम १९९६ पासून लागू झाला. आरंभी तो केवळ अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांनाच दिला जाई. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्या अपंग सैनिकांनाही तो मिळाला पाहिजे, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या प्रकरणात मान्य केली. आता हिशेब करून पाहा. शेवटचे वेतन ४०,००० रुपये असेल, तर शंभर टक्क्यांस १२,००० रुपये होतात. ३० टक्के अपंगत्वास एरवी ३,६०० रुपये. पण ते ५० टक्के धरले म्हणजे ६,००० रुपये. वर महागाई भत्ता वेगळा. ही रक्कम दरमहा, आणि जन्मभर.

पुष्कळांची समजूत अशी, की लढाईत गोळी लागली तरच हक्क उत्पन्न होतो. ती खरी नव्हे. रोगही यात येतात. भरतीच्या वेळी तरुणाची कसून तपासणी होते. त्या वेळी कागदावर कोणत्याही रोगाची नोंद नसेल आणि पुढे रोगामुळे त्याला सेवा सोडावी लागली, तर रोग सेवेमुळे जडला असेच प्रथमदर्शनी मानावे, आणि तसे नसल्यास ते दाखवण्याचा भार सरकारवर राहील, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात त्या वेळच्या नियमांच्या आधारे दिला. २१ सप्टेंबर २०२३ पासून मात्र नवे नियम अमलात आले आहेत. त्या तारखेनंतर सेवेबाहेर पडलेल्यांनी जुन्या मित्राच्या अनुभवावर विसंबू नये. नवे नियम वाचवून घ्यावेत.

मागणी फेटाळली गेली, म्हणजे सारे संपले असे नाही. प्रथम अपील करता येते, त्यानंतर दुसरे अपील. तेथेही न्याय मिळाला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते निर्माण झाले आणि २००९ पासून काम करू लागले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांसाठी त्याचे खंडपीठ मुंबईस आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळींसाठी जबलपुरास. अंतिम आदेश हाती पडल्यापासून सहा महिन्यांत तेथे अर्ज करावयाचा असतो. मुदत टळली, तर उशिराचे कारण सांगून माफी मागता येते. पण जे वेळेवर करता येते ते उशिराने का करावे?

आता घरातील माणसांकडे वळू. सैनिकाच्या पत्नीला मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन तीन प्रकारचे असते. साधारण मृत्यू असेल तर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. मृत्यू सेवेच्या कारणाने झाला असेल तर ६० टक्के. आणि युद्धात किंवा तशा मोहिमेत आला असेल तर पूर्ण वेतनाइतके. म्हणजे कारणाच्या एका शब्दाने रक्कम दुप्पट वा तिप्पट होते. पेन्शनच्या आदेशावर कोणता प्रकार लिहिला आहे, हे प्रत्येक भगिनीने एकदा जाणत्या माणसाकडून वाचवून घ्यावे. आपण निरक्षर आहोत म्हणून संकोच करू नये. हे दान नव्हे; तिच्या पतीने कमावलेले आहे.

आणि मुलांचे शिक्षण? बांगलादेश युद्ध संपले त्याच सुमारास, १८ डिसेंबर १९७१ रोजी, लोकसभेत अशी घोषणा झाली, की युद्धात पडलेल्या, बेपत्ता झालेल्या आणि कायमचे अपंग झालेल्या जवानांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च सरकार करील. ही सवलत पहिल्या पदवीपर्यंत चालते. २०१७ साली तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली होती; लोकांनी आवाज उठवल्यावर २०१८ च्या मार्चमध्ये ती काढून टाकण्यात आली. दिलेला शब्ददेखील जागे राहून राखावा लागतो, हा यातला धडा.

दुसरी योजना पंतप्रधान शिष्यवृत्तीची. ती २००६-०७ पासून केंद्रीय सैनिक मंडळामार्फत चालते. अभियांत्रिकी, वैद्यक, शिक्षणशास्त्र अशा व्यावसायिक पदवीसाठी माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना ती मिळते. प्रवेशास लागणाऱ्या परीक्षेत निदान ६० टक्के गुण हवेत. २०१९ मध्ये दर वाढवून मुलींना दरमहा ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये करण्यात आले, आणि वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. देशभरातील अर्ज आणि एवढ्याच जागा, तेव्हा अग्रक्रम लावला जातो. युद्धात पडलेल्यांची मुले प्रथम; मग युद्धात अपंग झालेल्यांची; त्यानंतर सेवेच्या कारणाने मृत्यू वा अपंगत्व आलेल्यांची; पुढे शौर्यपदकधारकांची; आणि सर्वांत शेवटी इतर माजी सैनिकांची.

तिसरी मदत हवालदार व त्याखालील हुद्द्याच्या घरांसाठी, रक्षामंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून आहे. दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, दर मुलामागे दरमहा १,००० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ही रक्कम २,००० करण्यात आली आहे. लहान शेतकऱ्याच्या घरी वह्या, बसभाडे आणि परीक्षेची फी यांची काळजी एवढ्याने मिटते.

ज्यांचे शरीर अधिकच मोडले, त्यांच्यासाठी आपल्या जवळच, पुण्याच्या खडकी येथे, दोन संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही पहिल्या महायुद्धातील जखमी जवानांना हातचा धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये निघाली. कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. जखमेनंतर माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास दूर जाणे नको. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. सन्मान उशिरा आला, तरी आला.

सीमाभागातील आणि परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या लोकांना एक शंका नेहमी पडते, की आपण कोणत्या राज्याचे? केंद्राच्या योजनांपुरते याचे उत्तर सोपे आहे. त्या भारतात सर्वत्र सारख्याच आहेत. जेथे राहता तेथल्या जिल्हा सैनिक कार्यालयात नाव नोंदवा आणि तेथूनच दाखला घ्या. राज्याची बक्षिसे व सवलती मात्र राज्यागणिक निराळ्या आणि बहुधा रहिवासावर अवलंबून असतात. त्या आपल्या कार्यालयात विचाराव्यात. पलीकडच्या जिल्ह्यातील मेहुण्याला काय मिळाले, त्यावरून आपला हिशेब करू नये. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. चार वर्षांच्या सेवेस पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांप्रमाणे ४४, २५ वा १५ लाखांची एकरकमी भरपाई ठरलेली आहे. म्हणून त्यांच्या दुखापतीची नोंद तर त्याच दिवशी झाली पाहिजे.

तर मग करावे काय? आज रात्री ती पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, वैद्यकीय मंडळाचा कागद, इस्पितळातून सुटतानाची चिठ्ठी आणि दुखापतीचा रिपोर्ट असे पाच कागद निराळे काढा. पत्नीचे नाव, मुलांची नावे व जन्मतारखा सेवेच्या नोंदीत आणि आधारपत्रावर एकच आहेत ना, हे ताडून पाहा. ‘लक्ष्मी’ आणि ‘लक्ष्मीबाई’ एवढ्या फरकानेही पेन्शन अडलेली मी पाहिली आहे. चूक असेल तर ती पती हयात असताना रेकॉर्ड ऑफिसकडे लिहून दुरुस्त करून घ्या. आता पेन्शन ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेतून येते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवू नका. आणि घरात शिकलेली मुलगी किंवा सून असेल, तर ते गाठोडे तिच्या स्वाधीन करा.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो. त्या हवालदाराची मुलगी बारावीत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि तिने पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. वडिलांचे अपंगत्व सेवेच्या कारणाने आलेले मानले गेले असते, तर तिचा क्रम वरच्या वर्गात लागला असता. तो लागला शेवटच्या वर्गात, आणि तिचे नाव यादीत आले नाही. वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकला. मुलीने मात्र हाय खाल्ली नाही. तिने पेटी उपसली, आणि तळाशी पसरलेल्या जुन्या वर्तमानपत्राखाली तिला लष्करी इस्पितळाची चिठ्ठी सापडली. तीवर तारीख होती, ठाण्याचे नाव होते, घसरून पडल्याची नोंद होती. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्या दारी आली. मी मान खाली घातली, आणि अपिलाचा मसुदा लिहावयास बसलो.

अपील फेटाळले गेले. दुसरेही फेटाळले गेले. शेवटी न्यायाधिकरणाने मागणी मान्य केली, आणि ३० टक्के अपंगत्व ५० टक्के धरून पेन्शन सुरू झाली. तोवर मुलगी पदवीधर होऊन नोकरीस लागली होती. जमीन तिने आपल्या पगारातून सोडवली. शिष्यवृत्तीची वर्षे तिला कोणी परत देऊ शकले नाही.

पेन्शनचा पहिला हप्ता आला त्या दिवशी हवालदार लंगडत माझ्या घरी पेढे घेऊन आले. मी म्हणालो, “हे मला कशाला? चूक माझीच होती.” ते म्हणाले, “दादा, दुसऱ्या कुणाला आता रकाना कोरा सोडायला सांगू नका, म्हणजे झालं.”

त्यांचा तो निरोप मी आज आपल्यापर्यंत पोहोचवला आहे.