सुई टोचून घेण्याआधी

(नागपूर येथे मंडळीच्या महिला संगतीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही महिन्यांत आपल्यापैकी अनेकांनी मला विचारलं, "मेळघाटात, गडचिरोलीत आपलं काम चालतं, तिथल्या लोकांच्या कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चरचं एक दिवसाचं शिबिर घेऊ या का?" काही कुटुंबांनी देणगीची तयारीही दाखवली. त्यांचे मनापासून आभार. धानाची रोवणी, तेंदूपत्त्याची तोडणी, डोक्यावर मोळी, अशा कामांनी वाकलेल्या पाठी मी रोज पाहते. पण शिबिराचं ठरवण्याआधी या उपचारात काय होतं आणि रुग्णाने कोणती तयारी करावी, हे पाहू या. नागपुरात स्वतः उपचार घेणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

ही विद्या चीनची, पण आपला तिच्याशी जुना संबंध आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते, तसे आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते कोलकात्यात सुरू केलं. केंद्र सरकारने २००३ मध्ये त्याला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा कायदा आहे आणि उपचार करणाऱ्यांची नोंदणी होते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "तुमची नोंदणी आहे का?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

गावात 'सुई' म्हटलं की लोकांना इंजेक्शन आठवतं. सुईतून औषध जाईल आणि संध्याकाळपर्यंत दुखणं थांबेल, अशी त्यांची अपेक्षा असते. ॲक्युपंक्चरची सुई पोकळ नसते, तिच्यातून औषध जात नाही. ती केसापेक्षा थोडी जाड असते. एकाच वेळी पाच-सातपासून पंधरा-वीस सुया लावतात. हे आधी सांगितलं नाही, तर दुसरी सुई पाहताच माणूस उठून जातो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. अशा घरातली एक आजी मला म्हणाली, "हे पण तसंच का, बाई?" तिला सुई हातात घेऊन पाहू दिली, तेव्हा ती हसली.

पहिल्या भेटीला साधारण तासभर लागतो. दुखणं कधीपासून आहे, झोप कशी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारतात. नाडी आणि जीभ पाहतात. मग कातडी पुसून सुया लावतात आणि पंधरा ते तीस मिनिटं निजून राहायला सांगतात. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. तीव्र कळ आली तर सहन करत राहू नका, लगेच सांगा. दुखत नाही तिथे, हातापायावरही, सुई लावतात. तेव्हा घाबरू नका. सुई काढल्यावर रक्ताचा थेंब किंवा छोटा काळा-निळा डाग दिसू शकतो. क्वचित घेरी येते. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे फार विरळ आहे, पण शिकलेल्या हाताचं महत्त्व इथेच कळतं.

आता तयारी. उपाशी जाऊ नका. उपवासकाळात तर आपल्या भगिनींनी हे खास लक्षात ठेवावं. तासा-दोन तासांपूर्वी हलकं जेवण घ्या, पाणी प्या. दारू घेऊन मुळीच जाऊ नका. बाही आणि पायजमा गुडघ्या-कोपरापर्यंत सरकतील असे सैल कपडे घाला. जुने कागद, एक्स-रे आणि चालू गोळ्या पिशवीत घ्या. गरोदर असाल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, फिट येत असेल, हृदयात पेसमेकर असेल किंवा साखरेमुळे पाय बधिर असतील, तर न विचारताच सांगा. सुयांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ-बी पसरू शकते. उपचारानंतर दहा मिनिटं बसा, लगेच दुचाकीवर बसू नका आणि त्या दिवशी ओझं उचलू नका.

फायदा किती होतो? जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघेदुखी आणि अर्धशिशी यांत अनेकांना आराम पडतो. मात्र खऱ्या आणि नाटकी सुयांची तुलना केलेल्या अभ्यासांत फरक बहुधा थोडाच दिसला आहे. एका बैठकीत फारसं कळत नाही. आठवड्याला एक-दोन अशा पाच-सहा बैठका लागतात. तेवढ्यातही काही फरक नसेल तर थांबावं, पैसे घालत राहू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगते. आपल्या विदर्भात दुखण्यामागे सिकलसेल असू शकतो. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी या भागातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं. या आजारात हाडं आणि सांधे असह्य दुखतात. तरुण मुलगा कमरेच्या खुब्यावर हात ठेवून लंगडत आला, तर कामाचा थकवा समजून सुया लावणं धोक्याचं आहे. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडत असू शकतो. आधी रक्ततपासणी आणि एक्स-रे. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल, तर थेट रुग्णालयात न्यावं. बरं वाटलं म्हणून हायड्रॉक्सियुरिया बंद करू नये. सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारूनच ॲक्युपंक्चर घ्यावं, सोबत कार्ड न्यावं, भरपूर पाणी प्यावं आणि अंगावर चादर मागावी. कारण थंडी आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी कळा सुरू होऊ शकतात.

काही जण विचारतात, "विश्वासी माणसाने हे घ्यावं का?" चिनी ग्रंथ शरीरातल्या प्राणशक्तीची भाषा बोलतात. पण सुई लावताना मंत्र म्हणावा लागत नाही, कोणाची पूजा करावी लागत नाही. ज्याच्या मनाला खटकतं त्याने घेऊ नये, आणि घेणाऱ्याला दोष देऊ नये.

म्हणून माझी विनंती अशी. एक दिवसाच्या शिबिरात आम्ही शंभर लोकांना सुया लावू, फोटोही छान येतील. पण दुसरी बैठक कोण देणार, वापरलेल्या सुया कुठे जाणार, खुब्याचा एक्स-रे कोण काढणार? तीच देणगी गावातून रुग्णाला तपासणीसाठी आणण्याच्या भाड्याला आणि त्याची भाषा जाणणाऱ्या सोबतीला द्या. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, तर सगळ्या बैठका पुऱ्या होईपर्यंत त्याच्या राहण्या-जेवणाची सोय आपण करू. शंभरांऐवजी दहाच जण येतील, पण त्या दहांना आपलं दुखणं कशाचं आहे हे कळेल.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो.