मुद्दल राखा, व्याज खा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा हा लेखी पाठ. वक्ते फरीदाबादच्या कारखानदारीत अनेक वर्षे काम करून निवृत्त झाले आहेत.)



आरती झाली आहे, प्रसादाची तयारी चालू आहे, त्यामुळे थोडक्यात बोलतो. विषय आहे ‘निसर्गरक्षण आणि उद्योगाचा फायदा’. पर्यावरण म्हटले की कारखानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला वाटते, आता खर्च सांगणार. मी आज जमेची बाजू सांगायला उभा आहे.

आपण बहुतेक जण पोटापाण्यासाठी इकडे आलो. कोणी ट्रॅक्टरच्या कारखान्यात, कोणी टायरच्या, कोणी फ्रिजच्या. गावाकडून पाहुणे आले की रविवारचा बेत ठरलेला असे : डबे भरायचे आणि बडखल तलावावर जायचे. पाण्यात होड्या, काठावर हॉटेल, चहावाले, फुगेवाले. कितीतरी घरांची चूल त्या पाण्यावर पेटत होती.

मग तलाव आटला. पाऊस कमी झाला एवढेच त्याचे कारण नव्हते. अरवलीच्या डोंगरात दगड आणि सिलिका वाळूच्या खाणी चालत होत्या. खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि आत भरणारे पाणी पंपाने उपसून बाहेर टाकले जाऊ लागले. डोंगरावरून तलावाकडे येणाऱ्या वाटाही तुटल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बडखल आणि सूरजकुंडच्या आसपास खाणींना मनाई केली, २००२ मध्ये दिल्ली सीमेलगतच्या अरवलीत खाणकाम आणि भूजल उपसा थांबवला आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवातच्या अरवलीतील सर्व खाणकाम स्थगित केले. म्हणजे आधी खाणीने होडीवाल्याचा धंदा बुडवला आणि शेवटी स्वतःचाही. क्रशरवर काम करणारे मजूर, ट्रकवाले सगळे घरी बसले. अलीकडच्या वर्षांत सांडपाणी शुद्ध करून तलाव पुन्हा भरण्याची खटपट सरकारी खर्चाने चालली आहे. जे डोंगर फुकट देत होता, ते आता मोटारी लावून आणि वीज जाळून आणावे लागते.

आपल्या घरात म्हण आहे, व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. पाणी, हवा, डोंगर हे धंद्याचे मुद्दल आहे. दुर्दैवाने ताळेबंदात ते कुठे लिहिलेले नसते, म्हणून संपेपर्यंत कळत नाही.

आता स्वतःची एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मान थोडी खाली जाते. नव्वदच्या दशकात मी एका प्लेटिंगच्या कारखान्यात होतो. रात्रपाळीत धुण्याचे पाणी तसेच नाल्यात सोडले जाई. नाला शेवटी यमुनेलाच जातो, हे मला माहीत होते. लॉगबुकावर सही माझी असे. नोकरी टिकवायची होती, मुले लहान होती. हे कारण आहे, समर्थन नव्हे.

पुढे बोअर आटू लागले, टँकर विकत घ्यावे लागले, तेव्हा धीर करून मालकांकडे गेलो. लालाजींनी एकच प्रश्न केला, “इस में मेरा क्या फायदा?” मी कागदावर आकृती काढून दाखवली. निकेलच्या टाकीतून निघालेला माल तीन टाक्यांत धुतला जाई आणि तिन्ही टाक्यांना वेगवेगळा नळ होता. मी म्हटले, नळ फक्त शेवटच्या टाकीला ठेवू. पाणी मागे मागे पहिल्या टाकीत येईल, माल पुढे पुढे जाईल. माल काही क्षण निकेलच्या टाकीवरच निथळू द्यायचा आणि पहिल्या धुण्याचे पाणी, ज्यात निकेल जास्त, ते त्याच टाकीत परत घ्यायचे. मोठे यंत्र लागले नाही, थोडे पाइप आणि थोडी शिस्त लागली. रोजचा टँकर दिवसाआड येऊ लागला आणि निकेलच्या क्षारांची खरेदी घटली. लालाजी हसून म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे मी पैसेच नाल्यात सोडत होतो!”

आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे पाहा. उसाच्या चिपाडावर वीज होते आणि उरलेली विकता येते. मळीपासून इथेनॉल, प्रेसमडपासून खत, डिस्टिलरीच्या सांडपाण्यापासून बायोगॅस. तेच सांडपाणी नदीत सोडले की मासे मरतात आणि गाव उठते. विक्रोळीला गोदरेज उद्योगसमूहाने कारखान्यांच्या जमिनीला लागून असलेले ठाणे खाडीचे खारफुटीचे जंगल राखले. भरतीचा जोर अडवणारी, गाळ धरून ठेवणारी ती भिंत पगार मागत नाही.

कोणी म्हणेल, शेजारचा चोरून सोडतो, त्याचा माल स्वस्त पडतो, मग मीच का मरू? प्रश्न खरा आहे. म्हणूनच कायदा सर्वांना सारखा लागला पाहिजे, नाहीतर प्रामाणिक माणसालाच दंड होतो. पण चोरवाट अरुंद होत चालली आहे. १ जानेवारी २०२३ पासून दिल्ली परिसरातील कारखान्यांत कोळसा बंद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून डिझेल जनरेटरवर कडक निर्बंध आले. हिवाळ्यात हवा बिघडली की बांधकामे थांबतात, ट्रक अडतात. ज्यांनी आधीच गॅसची सोय केली त्यांचे काम चालू राहिले. बाकीचे धावपळ करत बसले. युरोपीय संघाने तर ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाचा, त्यात आपल्या नट-बोल्टांचाही, कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याची किंमतही लावली. आता गिऱ्हाईकच वही तपासते.

तेव्हा मित्रहो, उद्या कामावर गेल्यावर एवढेच करा. पाण्याचे मीटर, विजेचे बिल आणि भंगाराचा ढीग, या तीन ठिकाणी उभे राहा आणि विचारा, ‘यातले आपण किती विकत घेऊन फेकतो?’ तरुण इंजिनिअरांना विनंती, की माझ्यासारखी वीस वर्षे वाट पाहू नका. ज्या कागदावर सही करायला हात अडखळतो, त्याच कागदावर बहुधा कारखान्याचा तोटा लिहिलेला असतो.

आणि आपल्या मंडळानेही शाडूची मूर्ती आणि कुंडातील विसर्जन नेटाने चालू ठेवावे. आपण सारे यमुनाकाठचे रहिवासी आहोत. बाप्पा बुद्धीचे दैवत. त्याच्याकडे नफा मागताना मुद्दल राखण्याची बुद्धीही मागू या.

गणपती बाप्पा मोरया!