वादळातील शर्यत

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तरुणांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीविषयी आपणांपुढे चार शब्द बोलण्याची कामगिरी महोत्सव समितीने मजवर सोपविली, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. व्याख्यान देणे हा माझा धंदा नव्हे. मंडईत माझ्या वडिलांचा भाजीचा गाळा होता. तोच आज मी चालवितो. शिवाय आजवर मी एकही शर्यत जिंकलेली नाही. परंतु समितीतील एक स्नेही म्हणाले, "तुम्ही जिंकल्याची हकीकत आम्हांस नकोच आहे. समुद्रात वादळ उठले त्या दिवसाची सांगा." त्या दिवसाची हकीकत मी पुष्कळदा सांगितली आहे, पण ती खरी सांगितलेली नाही. आज ती खरी सांगावी, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

ज्यांस या शर्यतीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. ही तीन अंगांची शर्यत होय. प्रथम पोहावयाचे, पाण्यातून निघताच ओल्या अंगाने सायकलीवर बसावयाचे, आणि सायकल ठेवून तसेच धावत सुटावयाचे. मध्ये विसावा नाही. जोडे बदलण्यास लागणारा वेळसुद्धा घड्याळ मोजीत असते. ऑलिंपिक सामन्यांत ही शर्यत सन 2000 मध्ये सिडनी येथे प्रथम झाली. तेथील अंतरे अनुक्रमे 1.5, 40 व 10 किलोमीटर अशी आहेत. तिचा थोरला प्रकार 'आयर्नमन' या नावाने प्रसिद्ध असून त्यात सुमारे 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल व 42.2 किलोमीटर धावणे असते. आपल्या पुण्याचे कौस्तुभ राडकर यांनी ही थोरली शर्यत अनेकदा पुरी केली आहे. मिलिंद सोमण यांनीही 2015 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असता, झुरिक येथे ती पुरी केली.

माझी तयारी मात्र मंडईच्या वेळापत्रकात बसवावी लागे. पहाटे गुलटेकडीहून माल आणून गाळ्यावर लावावयाचा, घरच्या कोणास तरी तेथे बसवावयाचे, मग टिळक तलावात पोहून यावयाचे. सायकलीसाठी रविवारी मिस्सा आटोपल्यावर कात्रजचा घाट. धावणे रात्री, गाळा बंद झाल्यावर. वडील हे सर्व कौतुकाने पाहात. ते तरुणपणी नगर जिल्ह्यातून पुण्यास आले, व गाळा घेण्यापूर्वी काही वर्षे त्यांनी मंडईत हमाली केली होती. 1886 साली बांधून उघडलेली ती अष्टकोनी इमारत आपण सर्वांनी पाहिलेलीच आहे. पावसाळ्यात तिच्या भोवतालच्या फरशीवर कोबीची पाने व चिखल यांचा जो थर बसतो, त्यावरून डोक्यावर ओझे घेऊन चालणे ही सामान्य गोष्ट नव्हे. वडील म्हणत, "पावसात घाई करणाऱ्याची पाटी आधी सांडते." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले व प्रत्येक वेळी हसण्यावारी नेले.

आता वादळाचा व या शर्यतीचा संबंध किती जुना आहे तो पाहा. आयर्नमनची पहिली शर्यत हवाई बेटांतील ओआहू येथे 18 फेब्रुवारी 1978 रोजी झाली. पुढील वर्षी, जानेवारी 1979 मध्ये, दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी हवा इतकी बिघडली की ती एक दिवस पुढे ढकलावी लागली. येतो म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गळाले, व अखेर अवघे 15 स्पर्धक पाण्यात उतरले. टॉम वॉरन नावाचा सद्गृहस्थ 11 तास 15 मिनिटांत पहिला आला. लिन लेमेर ही त्यातील एकटीच स्त्री. ती एकंदरीत पाचवी आली. त्या शूरांची कीर्ती आजही गातात, आणि ते योग्यच आहे. परंतु शर्यत आज नको, उद्या घेऊ, असे ज्यांनी ठरविले त्यांचे नाव कोणी घेत नाही. तो निर्णय झाला नसता तर कदाचित कीर्ती गाण्याजोगे काही उरलेच नसते.

अलीकडचीही उदाहरणे आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये 27 जुलै 2021 रोजी स्त्रियांची ट्रायथलॉन होती. जवळच वादळ घोंघावत होते. म्हणून प्रारंभ 15 मिनिटे लांबविला. रस्ते ओले असल्यामुळे कित्येक जणी सायकलीवरून घसरून पडल्या. बर्म्युडा या चिमुकल्या बेटाच्या फ्लोरा डफी यांनी ती शर्यत जिंकून आपल्या देशास पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पॅरिस येथे पावसामुळे सेन नदीचे पाणी दूषित झाले, तेव्हा पुरुषांची शर्यत 30 जुलै 2024 ऐवजी 31 जुलै रोजी घेण्यात आली. तात्पर्य, जगातील सर्वांत मोठ्या सामन्यांतही थांबा म्हणणारा कोणीतरी असतो, आणि जगज्जेते त्याचे ऐकतात.

मी ऐकले नाही. ती हकीकत अशी.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर एका शर्यतीसाठी मी गेलो होतो. आदल्या रात्री विजा चमकल्या होत्या. पण पहाटे आकाश निवळले व शर्यत वेळेवर सुरू झाली. समुद्रात दोन फेऱ्या मारावयाच्या होत्या. पहिली सुखरूप पार पडली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पश्चिमेकडून काळे ढग चढून आले, वारा फिरला, व लाटा तोंडावर फुटू लागल्या. होड्यांवरून शिट्ट्या वाजल्या आणि लाल निशाण वर गेले. त्याचा अर्थ आम्हांस आदल्या दिवशी स्पष्ट समजाविण्यात आला होता: शर्यत थांबली आहे, प्रत्येकाने जवळच्या होडीकडे जावे.

माझ्यापासून किनारा सुमारे तीनशे मीटर राहिला होता. माझ्या मनात आले, सहा महिने पहाटे उठलो ते होडीत बसून परत जाण्यासाठी काय? मंडईत सर्वांस सांगून आलो आहे. त्यांस तोंड कसे दाखवू? मी मान पाण्यात घातली व हात मारू लागलो. शंभर मीटर गेलो असेन नसेन, तोच ओढीने मला आडवे नेले. लाटेच्या बाजूस तोंड करून श्वास घेतल्याने खारे पाणी पोटात गेले, छाती आवळली, व हातपाय माझे ऐकेनासे झाले.

एक जीवरक्षक फळी घेऊन माझ्याकडे आला. तो कोळीवाड्यातील विशीचा मुलगा होता. त्याने मला फळीवर ओढून घेतले व होडीपर्यंत आणले. परंतु मला वर चढविताना लाट आली, होडी उसळली, आणि तिच्या कडेचा तडाखा त्याच्या खांद्यास बसला. खांदा निखळला. किनाऱ्यावर मी उभा राहिलो तेव्हा मला खरचटलेही नव्हते, आणि तो वाळूवर बसून दुसऱ्या हाताने आपला हात धरून होता.

सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई चुलीशी होती. तिने मला चहा दिला. हात गळ्यात बांधलेला तो मुलगा खाटेवर बसला होता. दोन महिने त्यास जाळे ओढता येणार नव्हते. मी क्षमा मागू लागलो, तेव्हा त्याने रागावून नव्हे, तर सहज विचारले, "दादा, तुम्ही निशाण बघितलं होतं ना?"

मी म्हणालो, "नाही रे, लाटांमुळे दिसलं नाही."

बंधुभगिनींनो, मला ते निशाण स्वच्छ दिसले होते. ते दोन महिने त्याच्या घरी मी जमेल तशी मदत पाठवीत राहिलो. मंडईत मित्रांनी विचारले, घरी वडिलांनी विचारले. सर्वांस मी तेच सांगितले. वडील ते खोटे उत्तर खरे मानूनच गेले. गेल्या महिन्यात मी कोकणात जाऊन त्या मुलास खरे काय ते सांगितले. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं, दादा." त्यास सांगितल्यानंतरच ते आपणांपुढे सांगण्याचा अधिकार मला आला असे मी समजतो.

वादळातील शर्यतीत काय पणास लागते, ते आता आपल्या ध्यानी येईल. मी समजत होतो की माझा जीव माझा आहे; तो धोक्यात घालण्यास मी मुखत्यार आहे. परंतु बुडणाऱ्यास आणावयास कोणीतरी जातोच, आणि माझ्या धाडसाची किंमत तो देतो. ही भीती काल्पनिक नव्हे. अमेरिकेत 1985 ते 2016 या काळात ट्रायथलॉनमधील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या 135 घटनांचा अभ्यास झाला, त्यांतील 90 घटना पोहण्याच्या भागात घडलेल्या आढळल्या. सायकलवाला थकला तर उतरतो, धावणारा बसतो. पाण्यात बसावयास जागा नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाच्या समुद्रप्रवासाचे वर्णन आपण ऐकले आहे. पुढे जाऊ नका, येथेच थांबा, असे त्याने सांगितले असता शताधिपतीने ते मानले नाही, व गलबत वादळात सापडून फुटले. 276 माणसे वाचली ती देवाच्या कृपेने. गलबत मात्र गेले. पूर्वी हा अध्याय ऐकताना माझे लक्ष वादळाकडे असे. आता ते त्या न ऐकलेल्या सल्ल्याकडे जाते.

तरुणांनो, याचा अर्थ घरात बसा असा नव्हे. पुढच्याच वर्षी मी पुन्हा उतरलो, या वेळी एका तलावावर. त्याही दिवशी मुसळधार पाऊस होता. व्यवस्थापकांनी पोहण्याचे अंतर निम्मे केले. काही जण कुरकुरले, मी गप्प राहिलो. तुम्हांपैकी कोणी या मार्गास लागेल तर थोड्या अनुभवाच्या गोष्टी सांगतो. मेघगर्जना ऐकू आली की पाण्यातून बाहेर यावे, व शेवटच्या गर्जनेनंतर अर्धा तास लोटल्यावाचून पुन्हा उतरू नये. लाट ज्या बाजूने येते तिच्या उलट बाजूस तोंड करून श्वास घ्यावा, व आठ-दहा हातांनी एकदा मान वर करून दिशा पाहावी. ओल्या रस्त्यावर सायकलीच्या चाकांत हवा किंचित कमी ठेवावी, ब्रेक नेहमीपेक्षा आधी व हलका दाबावा, आणि रंगविलेले पट्टे व लोखंडी झाकणे यांवर वळू नये. धावताना भिजलेल्या अंगास थंडी भरते. हुडहुडी थांबेना व बोलणे अडखळू लागले तर तेथेच थांबून मदत मागावी. आणि निशाण दिसले तर ते दिसले असे म्हणावे.

त्या तलावावर मी शेवटून तिसरा आलो. रात्री पुण्यास पोहोचलो तेव्हाही पाऊस होताच. मंडईच्या फरशीवरून एक म्हातारा हमाल पाटी घेऊन पाऊल पाऊल टाकीत चालला होता. मी त्यास वाट दिली व तो पार जाईपर्यंत उभा राहिलो. वडिलांचे वाक्य मला त्या वेळी आठवले, आणि ते आज हयात असते तर ही गोष्ट प्रथम त्यांस सांगितली असती.