मोबाईल घेण्यापूर्वी शिवारातली रेंज पाहा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बियाणे, खते, औषधे यांच्या जोडीला मोबाईल फोन हीसुद्धा आता शेतीची एक निविष्ठा झाली आहे. २०२१ पासून सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपण स्वतः ई-पीक पाहणीने करतो आणि त्यासाठी शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. पीएम-किसानची ई-केवायसी, बँकेचा ओटीपी, 'मेघदूत'चा हवामान सल्ला, वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी', ही सारी कामे याच यंत्रावर आली आहेत. पाहणीची मुदत संपत आली आणि नेमका फोन चालेना, तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही. मग हमीभावाने विक्री करताना किंवा नुकसानीची मदत मागताना अडचण येते. म्हणून फोन व सिमकार्ड यांची निवड विचारपूर्वक करावी.

आपल्याकडे बहुधा आधी फोन घेतला जातो, मग सिम आणि शेवटी रेंजची चौकशी. हा क्रम उलटा करावा. वाण निवडताना आपण जमीन पाहतो, पाणी पाहतो, मगच पिशवी घेतो. इथेही तसेच आहे. महाराष्ट्रात जिओ, एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल अशा चार कंपन्यांची सेवा मिळते. यांपैकी कोणती चांगली, असे मला नेहमी विचारले जाते. माझे उत्तर एकच, आपल्या विहिरीवर जी चालते ती. शेजारच्या गावात उत्तम चालणारी कंपनी टेकडीच्या आड मुकी होते.

यासाठी भावकीतले, शेजारपाजारचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन मागून घ्यावेत आणि विहीर, गोठा, लांबचे वावर व घराची आतली खोली या ठिकाणी फोन लावून पाहावा. एकदा सकाळी पाहावे व एकदा रात्री आठ-नऊच्या सुमारास, कारण तेव्हा टॉवरवर गर्दी असते. उसाच्या फडात शिरूनही पाहावे, दाट पाल्यामुळे रेंज घटते. पडद्यावरच्या दांड्यांवर फार विसंबू नये. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात सिमची स्थिती दिसते, तेथे सिग्नल उणे आकड्यात असतो. फोर-जीवर उणे ९०च्या आसपास असेल तर चांगले. उणे ११५ म्हणजे बोलणे तुटणार, शिवाय टॉवर शोधता शोधता बॅटरीही लवकर उतरणार. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सेवाक्षेत्राचे नकाशे असतात, तेही पाहावेत. मात्र पत्र्याच्या घरात रेंज येईल की नाही, हे नकाशा सांगत नाही.

कंपनी ठरली की फोनकडे वळावे. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोहोचतात, म्हणून आडरानात ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झची सेवा उपयोगी पडते. पण त्या लहरी पकडण्याची सोय फोनमध्ये हवी. बीएसएनएलची स्वदेशी फोर-जी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर सुरू झाली. तिच्यासाठी फोन घेताना त्यात २८ क्रमांकाचा बँड आहे का, हे विचारून घ्यावे. गावात फाइव्ह-जीचा टॉवर नसेल तर केवळ त्या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.

दुकानात दिव्याच्या प्रकाशात सगळेच पडदे झकपक दिसतात. फोन हातात घेऊन उन्हात यावे आणि अक्षरे वाचता येतात का, ते पाहावे. खिशात मावा किंवा फुलकिडे पडलेले एखादे पान न्यावे व जवळून फोटो काढावा. कीड स्पष्ट दिसली तरच तो कॅमेरा आपल्या कामाचा. मेगापिक्सेलचा मोठा आकडा दुकानदाराच्या कामाचा! 'सहा अधिक सहा जीबी रॅम' असे लिहिलेले असते, त्यातली दुसरी सहा ही साठवणुकीतून उसनी घेतलेली असते, खरी रॅम पहिलीच. साठवणूक १२८ जीबी व बॅटरी ५००० एमएएच असावी. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार आणि तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती होते का, हे विचारावे. पक्के बिल घ्यावे.

आता रिचार्ज. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज. ३० दिवसांचा व दरमहा त्याच तारखेचा पॅकही प्रत्येक कंपनीने ठेवावा, असा आदेश दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये दिला आहे. किमतीला दिवसांनी भागून रोजचा खर्च काढावा आणि मगच तुलना करावी. शेतकऱ्याच्या हाती पैसा दरमहा येत नाही, हंगामाला येतो. म्हणून सोयाबीनचे किंवा उसाचे पैसे आले की वर्षाचा पॅक टाकणे पुष्कळांना सोयीचे पडते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या साध्या फोनला इंटरनेट लागत नाही. डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमामुळे फक्त बोलणे व एसएमएस यांचे वेगळे पॅक मिळू लागले आहेत, ते मागून घ्यावेत.

मोटारीच्या मोबाईल स्टार्टरविषयी विशेष सांगतो. जुने स्टार्टर टू-जीवर चालतात. जिओची टू-जी सेवा नाही, त्यामुळे अशा स्टार्टरमध्ये ते सिम चालत नाही. त्या सिमची मुदतही वहीत लिहून ठेवावी. पावसाळ्यात मोटार बंद असते, रिचार्ज विसरतो आणि ऐन रब्बीच्या पाण्याला स्टार्टर दाद देत नाही.

कंपनी बदलायची असेल तर नंबर बदलू नये, कारण तोच आधार व बँकेला जोडलेला असतो. 'पोर्ट' हा शब्द इंग्रजीत टाइप करून, एक जागा सोडून आपला नंबर लिहावा व १९०० वर एसएमएस करावा. सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत. महाराष्ट्र व गोवा हे एक परिमंडळ आहे, मुंबई वेगळे. परिमंडळातल्या बदलाला कामाचे तीन दिवस लागतात व त्यात काही वेळ सिम बंद राहते, म्हणून पीक पाहणीच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नये. एसएमएसने येणारा कोड चारच दिवस चालतो. तो आल्यावर पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता आधार घेऊन लगेच दुकान गाठावे.