टोकिओस प्रथम जाणारांसाठीं



पुण्याचा व जपानचा संबंध आजचा नव्हे. जपानांतील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं पडली, आणि तींतून स्फूर्ति घेऊन त्यांनीं १९१६ सालीं येथें महिला विद्यापीठ काढलें. पुढें जगप्रवासांत ते स्वतः टोकिओस जाऊन तेथील विद्यापीठ पाहून आले. आज आपल्या शहरांत जपानी भाषा शिकणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक नोकरीसाठीं वा अभ्यासासाठीं टोकिओची वाट धरतात. ज्या घरांतून असें एखादें मूल निघावयाचें आहे, त्या घराशीं आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

पुण्यांत माणूस चुकला तर त्यास तें तत्काळ कळतें. येथें दारोदार पाटी, आणि पाटी वाचली नाहीं तर ती लावणारा स्वतः बाहेर येतो! टोकिओंत तसें घडत नाहीं. आगगाडींत आपण टेलिफोनवर मोठ्यानें बोलूं लागलों तर कोणी हटकणार नाहीं; शेजारचा गृहस्थ फार तर डोळे मिटून घेईल. हें मौन म्हणजे संमति असें समजून नवखा माणूस महिनोन्‌महिने चुकत राहतो, आणि आपल्याशीं कोणी मोकळेपणानें कां बोलत नाहीं हें कोडें त्यास उलगडत नाहीं. न विचारतां कोणी सांगणार नाहीं, हें पहिल्या दिवसापासून धरून चालावें. त्यासाठीं ‘सुमिमासेन’ हा एक शब्द पाठ करून जावा. क्षमा मागणें, हांक मारणें आणि आभार मानणें, हीं तिन्ही कामें त्यानें होतात.

माझीच गोष्ट सांगतों. मी जन्माचा शाकाहारी. पहिल्या खेपेस ‘निकु नको’, म्हणजे मांस नको, एवढें म्हणावयास शिकून गेलों होतों. चार दिवस मिसोचें कढण मोठ्या आवडीनें प्यालों. पांचव्या दिवशीं एका सहकाऱ्यास सहज विचारलें, यांत ही चव कशाची? तो बिचारा ओशाळला. सुकविलेल्या माशाच्या अर्कावांचून तें कढण सहसा होतच नाहीं, आणि बोलण्यांतल्या ‘निकु’मध्यें मासळी येत नाहीं. मला कोणी फसविलें नव्हतें. मींच विचारलें नव्हतें. आईस हें सांगावयास मला दोन वर्षें लागलीं. म्हणून मांस, मासळी, अंडें आणि तो अर्क, ज्यास तिकडे ‘दाशी’ म्हणतात, हीं चारी नांवें जपानी लिपींत एका कार्डावर लिहवून खिशांत ठेवावीं व जेवणापूर्वीं दाखवावीं. एदोगावा भागांत निशिकासाइ येथें भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. डाळ, पीठ, मसाले तेथें मिळतात. महाराष्ट्रांतून जाऊन जपानांत स्थायिक झालेले योगेंद्र पुराणिक हे २०१९ सालीं याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले.

आतां प्रवासाविषयीं. नारिता विमानतळ शहरापासून सुमारें ६० किलोमीटर दूर आहे, हानेदा शहरांतच आहे. तिकीट काढतांना हा भेद पाहावा. सुइका नांवाचें कार्ड घेतलें म्हणजे आगगाडी, बस, दुकान सर्वत्र चालतें. यामानोते ही वर्तुळाकार रेल्वे. तिचीं स्थानकें ३०, आणि फेरी सुमारें तासाभराची. उतरावयाचें स्थानक हुकलें तरी बसून राहिल्यास तें पुन्हा येतें. शिंजुकु मात्र कठीण. त्या स्थानकास बाहेर पडण्याचीं दारें दोनशेंहून अधिक. ‘शिंजुकुस भेटूं’ असें म्हणणें म्हणजे ‘पुण्यांत कोठें तरी भेटूं’ असें म्हणणें होय! दाराचें नांव ठरवूनच निघावें. बहुतेक रस्त्यांना नांवें नसतात, म्हणून पत्ता सांपडेनासा झाला तर कोपऱ्यावरची पोलीसचौकी गांठावी. तिला ‘कोबान’ म्हणतात, आणि वाट सांगणें हें तेथल्या शिपायाचें नित्याचेंच काम आहे.

दीर्घकाळ राहणारानें बिऱ्हाड केल्यापासून १४ दिवसांच्या आंत आपला पत्ता त्या भागाच्या कचेरींत नोंदवावा. तेथेंच कचऱ्याचें वेळापत्रक मागून घ्यावें. जळणारा कचरा निराळ्या वारीं, बाटल्या व डबे निराळ्या वारीं. वार चुकला तर पिशवी जागच्या जागीं राहते आणि तीवर एक चिठ्ठी चिकटविलेली आढळते. टोकिओनें आपणांस लावलेली पाटी ती हीच! रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या विरळा. १९९५ सालच्या भुयारी रेल्वेंतील विषारी वायूच्या हल्ल्यानंतर त्या पुष्कळशा काढल्या गेल्या. हातांतला कागद घरीं आणावा.

सर्दीवरील कांहीं औषधांस जपानांत मज्जाव आहे. घरचा औषधांचा डबा भरण्यापूर्वीं चौकशी करावी. रुग्णवाहिकेसाठीं ११९, पोलिसांसाठीं ११०. धरणीकंप जाणवल्यास धांवत सुटूं नये. मेजाखालीं डोकें सांभाळून बसावें.

आईबापांसही एक विनंति. जपानचें घड्याळ आपल्यापुढें साडेतीन तास. येथें जेवणें आटोपून रात्रीं नऊ वाजतां आपण टेलिफोन करतों, तेव्हां तेथें साडेबारा वाजलेले असतात. मूल एक तर निजलेलें असतें, किंवा शेवटच्या गाडींत उभें असतें, जेथें त्यास बोलतां येत नाहीं. सायंकाळीं पांच वाजतां करावा.